पांढऱ्या पळसाखालचा खड्डा
होळीच्या रंगासाठी नात पळसाची फुलं भिजत घालते, तेव्हा त्या तुरट वासानं मला केशोरीकडचं जंगल आठवतं. पांढऱ्या पळसाखाली धन असतं असं कुणीतरी सांगितलं, आणि मी, सातवी पास शहाणी, सब्बल घेऊन निघाले. चार वर्षांची लेक तापानं फणफणत होती, तिला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं, पण हाती पैसा नव्हता. तिला सासूबाईंजवळ ठेवून आम्ही नवराबायको दोन दिवस खणत राहिलो. निघाली नुसती मुळं. दुसऱ्या दुपारी फॉरेस्ट गार्ड आला. "कायले खोदून राहिली, बाई? जंगल सरकारचं आहे. सोनं निघालं तं सरकारजमा, आन खड्ड्याची केस तुमच्यावर!" मी म्हणाले, "साहेब, अर्धं तुम्ही घ्या ना!" नवऱ्यानं कपाळावर हात मारला. गार्ड हसला, खड्डा बुजवायला लावला आणि आम्हाला सोडून दिलं. नातवंडांना मी ही गोष्ट इथवरच सांगते, ती पोट धरून हसतात. घरी पोचलो तेव्हा लेक निपचित पडली होती. सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर तुलेच बोलवून राहिली होती. आता चूप झाली." तिसऱ्या दिवशी ती गेली, मला पुन्हा एकदाही हाक न मारता.