सीटखालचे पिवळे फडके

रंगनाथ तापाने गेल्याचा निरोप कनेरगाव नाक्यावर आला, तेव्हा मी आमच्या सर्व्हिस मोटारीत पेट्रोल ओतत होतो. डबा रिकामा होईपर्यंत ओततच राहिलो. दुसरे काय करणार...

उतारू नेणारी ही मोटार रंगनाथच्या आणि माझ्या भागीतली, घेतली तेव्हाच जुनी. मी चालवायचो, तो तिचे दुखणे ओळखायचा. इंजिन अडखळू लागले की लाकडी मुठीच्या पेचकसाने पेट्रोल पेटवणाऱ्या एकेका प्लगची ठिणगी तोडायचा आणि कान द्यायचा. "ज्याला गप्प केल्यावर फरक पडंना, तोच आजारी," म्हणायचा. भावकीतली माणसेही तो याच रीतीने तपासतो, असा मला दाट संशय होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला एक दसरा. माझ्या बायकोचे दिवस भरलेले, तरी मोटारीची पूजा तिनेच केली. बॉनेट उघडायला लावून चारही प्लगना ओले हळदीकुंकू लावले. चार प्लग म्हणजे दारी आलेल्या चार सवाशिणी, त्यांतून एकीला कसे वगळायचे, असे तिचे म्हणणे. दुपारीच तिला कळा लागल्या. मूल आडवे होते, सुईणीने हात टेकले. हिंगोलीच्या दवाखान्यात नेल्याशिवाय गत्यंतर नव्हते आणि मोटार सुरू होईना. हँडल मारून माझे खांदे भरून आले. एकदा सुरू झाली, तीही थरथरून बंद पडली. आत बायको कण्हत होती आणि मी पेट्रोलमधल्या भेसळीला शिव्या घालत होतो.

रंगनाथने बॉनेट उघडून पाहिले. "पेट्रोल बराबर हाये. ओल्या कुंकवातून ठिणगी पळून राहिली." उपरण्याचा पदर फाडून त्याने चारही प्लग कोरडे केले. मोटार निघाली. बायको वाचली, पोटातली शेवंताही वाचली.

पुढच्या दसऱ्याला मी बायकोला अडवणार होतो. तो म्हणाला, "लावू द्या वहिनीला. पुसायला मी हाये ना." मग दर वर्षी ती लावायची, आत गेली की हा उपरण्याच्या त्याच फडक्याने पुसायचा आणि ते सीटखाली खुपसून ठेवायचा.

यंदा तो गेला आणि मागोमाग दसरा आला. प्लगना हळदीकुंकवाची बोटे या वेळी शेवंताने लावली. मी हँडल मारले, मोटार अडखळून बंद पडली आणि मी सवयीने त्याची वाट पाहत उभा राहिलो... मग सीटखाली हात घातला. हळदीने पिवळे पडलेले फडके तिथेच होते. तेव्हा मात्र मला रडू आले.

"बाबा, काहून रडून राहिले?" शेवंताने विचारले. मी चारही प्लग पुसले. बायकोने फडके धुवायला मागितले. मी दिले नाही.