फेन्नाचं डोकं

आमच्या येल्मरला कुणी विचारलं, "बाबा रे, तू करतोस तरी काय?" की तो आधी कॉफी ढवळतो. कपात साखर नसली तरी ढवळतो. मग म्हणतो, "मी मेंदूच्या घड्या मोजतो." आणि गप्प बसतो. समोरच्याला वाटतं हा चेष्टा करतोय. मग मला मध्ये पडावं लागतं.

मी हिल्के. ग्रोनिंगनच्या विद्यापीठात मेंदूचे फोटो काढायचं मशीन चालवते. माणसाला आडवं झोपवायचं, केसातल्या पिना काढून घ्यायच्या, "आता हलू नका, नाक खाजलं तरी हलू नका" असं दरडावायचं, आणि नंतर एका नळीत थुंकायला लावायचं. थुंकीतून जनुकं कळतात, फोटोतून घड्या. कुणाच्या मेंदूची साल जाड, कुणाची पातळ, कुणाची घडी खोल. त्यातलं आईबापांकडून आलेलं किती, मागाहून घडलेलं किती, आणि हुशारीशी, आठवणीशी त्याचा संबंध काय, हे येल्मर शोधतो. म्हणून त्याला जुळी लागतात. एकाच बीजातून फुटलेल्या जुळ्यांची जनुकं तीच असतात. दोन बीजांची जुळी म्हणजे साधी भावंडं, फक्त एकाच दिवशी आलेली. दोन्ही प्रकारच्या जोड्या शेजारी ठेवल्या की हिशेब लागतो.

उभी हयात त्यात घातलीय पठ्ठ्याने. हाती काय लागलं? तर हुशारीचं एक जनुक असं काही नसतंच. हजारो आहेत, आणि एकेकाचा वाटा चिमूटभर मिठाएवढा. दुसरा एखादा असता तर कपाळाला हात लावून बसला असता. हा बेटा खूश! "हिल्के, किती छान ना? कुणालाच एका शब्दात हुशार किंवा मठ्ठ म्हणता येत नाही," असं म्हणत चीजचा पाव खातो, वर ताक पितो, आणि समोरच्या वाऱ्याला शिव्या घालत सायकलवर घरी जातो. इतका समाधानी माणूस मी दुसरा पाहिला नाही. कधी कधी त्याचा रागही येतो.

त्या उन्हाळ्यात मात्र तो तोंड पाडून माझ्या खोलीत आला.

"हिल्के, रागावू नकोस. रिन्स्के आणि फेन्ना, दोघींच्या नळ्यांत तुझ्या हातून एकीचीच थुंकी तर नाही ना गेली?"

"मी? माझ्या हातून? येल्मर, मी तुझ्या मेंदूची साल सोलून काढीन!"

रिन्स्के आणि फेन्ना या फ्रीसलंडमधल्या एका कालव्याकाठच्या गावच्या बहिणी. सत्तरीला टेकलेल्या, आणि वर्षानुवर्षं आमच्याकडे येणाऱ्या. रिन्स्के शाळेतली बाई होती. काटकुळी, चष्मेवाली, वाक्य बोलली की शेवटी पूर्णविराम ऐकू येणारी. फेन्ना रुंद हाडाची, उन्हाने रापलेली. आधी गोठ्यात राबली, मग नावाडी डाउवेशी लग्न करून जन्मभर बोटीवर राहिली. एक हुशार, एक ढ, असं गावानेच ठरवून टाकलेलं. फेन्ना स्वतःच म्हणायची, "देवाने डोकं एकच दिलं होतं, ते हिने उचललं." जन्माच्या वेळी वार दोन पडल्या, म्हणून सुईणीने सांगितलं होतं की जुळी वेगवेगळ्या बीजांची. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच मानत आले. आम्हीही त्यांना त्याच गटात घातलं होतं. आणि यंदा पहिल्यांदाच तपासलेली थुंकी म्हणत होती, दोघी एकाच बीजाच्या.

"अरे शहाण्या, एकाच बीजाच्या असल्या तरी पुष्कळदा वार दोन पडतात. हे तूच मला शिकवलंस ना?"

"ठाऊक आहे गं. पण त्या दोघी दिसतात का तशा?"

मग काय, खात्री करायला दोघींना परत बोलावलं. आणि इथेच आम्ही माती खाल्ली. अहो, मेंदूचे फोटो काढणाऱ्यांनी "जरा परत या" असं फोनवर सांगितलं की माणसाच्या मनात काय येईल? फेन्ना आली ती पांढरीफटक होऊन. खुर्चीवर बसायच्या आत म्हणाली, "गाठ निघाली ना? स्पष्ट सांग. आडपडदा नको."

येल्मर लाजून लालबुंद झाला. हजारदा माफी मागितली, पुन्हा नळ्या भरून घेतल्या. पुढच्या आठवड्यात निकाल आला तो तोच. मग दोघींना समोर बसवून त्याने सांगितलं. पीठ एकच आहे, पाव दोन आहेत, भट्ट्या वेगळ्या होत्या.

रिन्स्के म्हणाली, "अशक्य."

फेन्ना आधी हसली. पोट धरून हसली. मग एकदम थांबली आणि पुढे सरकून बसली. "येल्मर, मग मला एक सांग. डाउवे वसंतात गेला. बोट पंधरा मीटरपेक्षा लांब आहे, परवान्याशिवाय मला ती जागची हलवता येत नाही. परवाना त्याच्या नावावर होता. सप्टेंबरात ॲम्स्टरडॅमचा एक जण बोट बघायला येतोय, तिचं पाहुण्यांसाठी हॉटेल करणार म्हणतो. परवान्याची परीक्षा पुस्तकी आहे. दिवे, खुणा, नियम. मी आयुष्यात एकही परीक्षा पास झालेली नाही. तू माझ्या डोक्यात डोकावला आहेस. मला जमेल का?"

मी मनात म्हणत होते, मेल्या, हो म्हण! तुझं काय जातंय?

येल्मरने कॉफी ढवळली. "फेन्ना, हजार माणसांबद्दल मी सरासरी सांगू शकतो. एका माणसाबद्दल नाही. तुमच्या घड्या बघून परीक्षेचं काही कळत नाही. खोटं सांगू का?"

"नको," ती म्हणाली, आणि कोट चढवून निघून गेली. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण तो खरं बोलला होता, हे मलाही कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

जुलैत बहिणींचा वाढदिवस. आम्हाला दोघांनाही बोलावणं होतं. रिन्स्केच्या घरी भिंतीला लावून गोल खुर्च्या मांडलेल्या, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आलेला प्रत्येक जण प्रत्येकाचं अभिनंदन करत फिरतोय. शेजाऱ्याचं अभिनंदन, व्याह्याचं अभिनंदन, मांजर मध्ये आलं असतं तर त्याचंही झालं असतं. कॉफीबरोबर केकचा एकेक तुकडा, दुसरा मागायचा नाही. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्याने विषय काढला.

"काय फेन्ना, बोट विकतेस म्हणे? बरोबर आहे. परीक्षा वगैरे तुझं काम नव्हे. ते रिन्स्केचं डोकं."

"डोकं एकच आहे म्हणतो हा," फेन्ना येल्मरकडे बोट दाखवून म्हणाली. सगळे हसले. तीही हसली, पण मला ते बघवलं नाही.

रिन्स्के हसली नाही. तिने बशी गुडघ्यावर ठेवली. "मला हुशार म्हणून शाळेत नव्हतं घातलं," ती म्हणाली. "गोठ्यात मला धाप लागायची. एकीनेच शिकावं एवढीच ऐपत होती. आई म्हणाली, धट्टीकट्टी दूध काढेल, निकामी शाळेत बसेल. आईने मरताना मला सांगितलं हे. तीस वर्षं होऊन गेली. मी कुणाला बोलले नाही. मला हुशार राहायचं होतं."

गोलात बसल्यामुळे कुणालाच तोंड लपवायला जागा नव्हती. म्हातारा केकचे कण वेचायला लागला. येल्मरचे डोळे भरून आले होते. माझेही.

फेन्नाचा चेहरा रागाने काळवंडला. वाटलं, आता उठून जाणार. ती म्हणाली, "तीस वर्षं, रिन्स्के? मी तुझ्यासमोर स्वतःला ढ म्हणत राहिले आणि तू ऐकत राहिलीस?"

"हो."

"लाज वाटायला हवी तुला."

"वाटते."

मग फेन्नाने उरलेला केक एका घासात तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडानेच म्हणाली, "उद्या सकाळी पुस्तक घेऊन बोटीवर ये. मला शिकवायचं देणं लागतेस तू."

त्या उन्हाळ्यात दोघी बोटीच्या डेकवर बसून हमरीतुमरीवर येऊन अभ्यास करत होत्या. येल्मर रविवारी सायकल हाणत जायचा आणि त्यांना प्रश्न विचारायचा. शास्त्र म्हणून नाही, हौस म्हणून. मी एकदा गेले तर ऐकू आलं, "अगं बाई, हिरवा दिवा उजवीकडे! हे मी दहा वर्षांची असल्यापासून बघतेय, तू पुस्तकात काय शोधतेस?" शिकवता शिकवता रिन्स्केनेही परीक्षेला नाव घातलं होतं. ऑगस्टच्या शेवटी निकाल लागला. फेन्ना पास. रिन्स्के नापास.

येल्मरला हे कळलं तेव्हा तो खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. "एकच जनुकं! घड्यासुद्धा जवळपास सारख्या! हिल्के, बघ तरी!" तो खोलीभर नाचला. त्याचा शोधनिबंध छापून आला असता तरी तो एवढा आनंदला नसता.

सप्टेंबरात ॲम्स्टरडॅमचा माणूस आला तेव्हा आम्ही दोघेही काठावर होतो, उगीचच, सफरचंदाचा केक घेऊन. गुळगुळीत बुटांचा तो माणूस डेकवर चढला. फेन्ना तेलाच्या हातांनी इंजिनाशी खटपट करत होती. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. सरळ रिन्स्केच्या चष्म्याकडे वळला आणि अदबीने म्हणाला, "बाईसाहेब, विक्री रद्द केली असं कळलं. पण ही बोट चालवणार कोण? मला वाटतं आपण दोघं शांतपणे बोलू, तुम्हाला यातलं समजतं."

रिन्स्केच्या हातात दोर होता. तो तिला नीट गुंडाळताही येत नव्हता.

"मला काही समजत नाही," ती म्हणाली. "मी नापास झालेय. बोलायचं तर माझ्या बहिणीशी बोला. आणि आधी खाली उतरा, तिला निघायचंय."