जावयाशी बोलताना

माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत झाली. इंग्रजीत पत्रं लिहिणं हे रोजचंच काम. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर'पासून 'युवर रिप्लाय इज अवेटेड'पर्यंत मी न अडखळता लिहायची. त्यामुळे मुलीने स्कॉटलंडचाच मुलगा पसंत केला आणि ती तिकडेच स्थायिक झाली, तेव्हा भाषेची काळजी मला वाटली नाही.

मुलीला सातवा महिना होता. त्या दुपारी खांदेश्वरच्या घरी मी एकटीच होते, हे कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. मोबाइल वाजला. नंबर मुलीचा, आवाज मात्र जावयाचा. रात्री तिला अचानक रक्तस्राव सुरू झाला, ऑपरेशन करावं लागलं, असं तो सांगत होता. तेवढं समजलं. मग म्हणाला, "शी पुल्ड थ्रू. शी हॅज कम राउंड."

पुल म्हणजे ओढणं, कम म्हणजे येणं. मी विचारलं, "व्हेअर इज शी कमिंग?"

"शी इज अवेक, आई. शी इज सेफ."

माझ्या जिवात जीव आला. मग बाळाचं विचारलं.

"ही डिडन्ट मेक इट."

मी म्हटलं, "व्हॉट ही डिड नॉट मेक?"

पलीकडून काहीच ऐकू येईना. लाइन गेली असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग तो अगदी हळू म्हणाला, "ही डाइड, आई."

ह्यांना फोन करून मी बोलावून घेतलं. आले ते चपलांसकट हॉलमध्येच उभे राहिले. मुलगा होता, एवढंच मला सांगता आलं.

आम्ही निघायची तयारी करायला लागलो, तर मुलीने जावयाकरवी निरोप पाठवला, आत्ता येऊ नका. ती कुणाशीच बोलत नव्हती, माझ्याशीही नाही. रोज फोन यायचा तो त्याचा. तो भराभर बोलायचा, मी ओके ओके म्हणायची, आणि फोन ठेवला की हे विचारायचे, "काय म्हणाला?" मला धड सांगता यायचं नाही. एकदा तो म्हणाला, "यू आर ब्रेकिंग अप." ब्रेकअप हा शब्द मला माहीत होता. दोघांचं बिनसलं की काय, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी मी समोरच्या फ्लॅटमध्ये गेले. तिथली सून ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये परदेशातले फोन घेते. नुकतीच ड्युटीवरून आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काकू, तुमचा आवाज तुटत होता, एवढंच. टेन्शन नका घेऊ."

तिला मी 'मेक इट'बद्दलही सांगितलं.

"शब्द सुटे करू नका, काकू. आपण नाही का म्हणत, पोरगं वाचलं म्हणून? त्यात पुस्तक कुठे असतं?"

तेव्हापासून ती ड्युटीवरून आली की मी चहा घेऊन तिच्याकडे जायला लागले. पिक अप, हँग अप, गेट थ्रू, कॉल बॅक. मग ओपन अप म्हणजे मन मोकळं करणं, होल्ड अप म्हणजे धीर धरून राहणं. ती फोनवर बोलल्यासारखं म्हणायची आणि मी उत्तर द्यायची. कचेरीतल्या माझ्या इंग्रजीत यातलं काहीच नव्हतं. तिथे कुणी कुणाची विचारपूस करत नसे.

पुढे एका संध्याकाळी जावयाचा फोन आला. मुलगी खिडकीशी बसून असते, जेवण तसंच राहतं, असं तो सांगत होता. "शी वोन्ट ओपन अप," म्हणाला. मला ते पहिल्या झटक्यात कळलं. आणि त्याच वेळी लक्षात आलं, इतक्या दिवसांत आम्ही फक्त तिचं विचारलं होतं.

मी म्हटलं, "अँड यू? हाऊ आर यू होल्डिंग अप?"

पलीकडून त्याचं रडणं ऐकू आलं. मोठ्या माणसाचं, दाबून ठेवलेलं रडणं. सावरून तो "सॉरी, आई" म्हणाला आणि फोन ठेवायला लागला.

"डोन्ट हँग अप," मी म्हटलं. "आय ॲम हिअर."

मग तो बराच वेळ बोलला. बाळाला हातात घेतलं तेव्हा त्याचं वजनच जाणवलं नाही म्हणाला. केस काळेभोर होते, तिच्यासारखे. बरेच शब्द माझ्या डोक्यावरून गेले, पण मी एकदाही त्याला अडवलं नाही. हे शेजारी बसून होते. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनीही काही विचारलं नाही.

त्यानंतर तो स्वतःचंही सांगू लागला. एकदा असंच बोलत असताना त्याचा आवाज लांब गेला, आणि फोनवर मुलगी आली. कितीतरी दिवसांनी.

"आई, तुम्ही दोघं एवढं काय बोलता गं?"

तिचा आवाज बसलेला होता. मी म्हटलं, "तुझ्या बाळाबद्दल बोलतो."

ती म्हणाली, "मलाही सांग ना, काय सांगितलं त्याने."