दम खाणारा नायक

मी पदवीपर्यंत पोहोचलो तो शिंदे सरांमुळे. आमच्या घरात त्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वर्गात वाचताना मी अडखळलो की सर म्हणायचे, "दम खा, मग पुढे चल."

काल थिएटरात सरांच्या आवडत्या साहसपटांच्या मालिकेतला पाचवा भाग पाहिला. सगळे त्याला नावं ठेवतात, कारण नायक आता म्हातारा झालाय. किल्ल्याच्या पायऱ्या चढताना तो मध्येच कठड्याला टेकून धापा टाकत थांबला, तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "आजोबा, लिफ्टने या!" सगळे हसले. मीही हसलो, पण मला तो भाग तिथेच आवडला. आधीच्या भागांत तो उड्या मारायचा, कारण त्याला त्या जमायच्या. इथे जमत नसतानाही तो चढत होता. त्याचं धाडस मला पहिल्यांदाच खरं वाटलं.

घरी येऊन सरांना पत्र लिहिलं:

"सर, जिना चढवत नाही म्हणून तुम्ही मुलांना शिकवायला आपल्या अभ्यासिकेत यायचं सोडलंत. मुलं रोज तुमची चौकशी करतात. जिन्याच्या मधल्या वळणावर मी खुर्ची ठेवली आहे. दम खा, मग पुढे चला."