रांजण बाहेर काढल्यावर

तिसऱ्या हॉटेलवाल्यानंही सोड्याचे क्रेट परत पाठवले, तसं शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"देवधर, सोड्यात दमच नाही म्हणतात. म्हातारा मशीन नीट फिरवत नाही. सोमवारपासून नवा माणूस ठेवतो."

म्हातारा म्हणजे करीमचाचा. चिंचवडच्या त्या छोट्या सोडा कारखान्यात ते पहिल्या दिवसापासून होते. पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. मी नवाकोरा बी.एस्सी., तीन महिन्यांचा केमिस्ट. पहिल्या दिवशी मी डबा विसरलो, तेव्हा चाचांनी आपली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली होती. त्यांना असं घालवू देणं मला जमणार नव्हतं.

"शनिवारपर्यंत थांबा, शेठ. मी बघतो."

सोडा म्हणजे पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड. गोळीच्या बाटलीत पाणी भरायचं, सिलिंडरमधून प्रेशरनं गॅस सोडायचा आणि बाटली मशीनवर गरागरा फिरवायची. पुढे बंद बाटलीत जेवढा गॅस पाण्यातून वर निसटतो, तेवढाच परत पाण्यात शिरतो. याला आम्ही समतोल म्हणतो. प्रेशर वाढवलं की पाण्यात गॅस जास्त मावतो.

"चाचा, जरा प्रेशर वाढवून बघू या?"

"न्हाई साहेब. काच हाय ती. फुटली तर डोळा जाईल कुनाचा तरी."

मग मी वॉशर तपासले. सिलिंडर बदलला. चाचांचं फिरवणं घड्याळ लावून पाहिलं, त्यात खोट नव्हती. शुक्रवारी दुपारी हात धुवायला नळ सोडला आणि चटका बसला. थर्मामीटर धरला तर अठ्ठेचाळीस अंश. चाचांच्या पिण्याच्या माठात चोवीस. पाणी तापलं की त्यात गॅस कमी मावतो. हे लिहून मी परीक्षेत मार्क मिळवले होते!

आणि या नळाला, म्हणजे बाटल्यांनाही, पाणी देणारी छपरावरची पत्र्याची टाकी मीच बसवून घेतली होती. त्याआधी चाचा संध्याकाळी विहिरीचं पाणी रांजणांत भरत, भोवती ओली गोणपाटं गुंडाळत आणि सकाळी तेच वापरत. मला ते गावठी वाटलं. मी रांजण बाहेर काढायला लावले.

"चाचा, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"व्हय की."

"मग बोलला का नाहीत?"

"टाकी तुमी सांगितल्याली. मी बोललो आस्तो तर शेठनी तुमालाच घालवलं आस्तं. तुमची पैलीच नोकरी. माझं काय, मोशीला भावाचं रान हाय, तितं जाऊन बसलो आस्तो."

मला फार लाज वाटली. तसाच शेठकडे गेलो.

"शेठ, चूक चाचांची नाही. माझी आहे." टाकीचं सगळं सांगितलं.

"मग आता घालवायचं कुणाला?"

"मला."

शेठ खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "आधी ती टाकी उतरवा."

शिडी चाचांनीच धरली. रांजण परत आले. त्यांना नवी झाकणं मात्र मी करून घेतली आणि चाचांनी ती चालवून घेतली. आठवड्याभरात तिन्ही हॉटेलं परत आली. कुणालाच जावं लागलं नाही.

पुढच्या नोकऱ्यांत मी एक पथ्य पाळलं. जुन्या कामगाराची कुठलीही वस्तू हलवण्याआधी ती तिथं का आहे, हे त्यालाच विचारायचं. अर्धा तास जातो. पण उत्तरात बहुतेक वेळा थोडी केमिस्ट्री असते.