पेशीच्या दारात

दुपारचं प्रॅक्टिकल संपलं की पालघरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजातली बायोलॉजीची लॅब अर्धवट झोपेत असल्यासारखी वाटते. खिडकीतून खारा वारा येतो, सूक्ष्मदर्शकांवर ऊन पडलेलं असतं. मी, देशमुख सर आणि लॅबमधले चुरीकाका चहा घेत बसतो. मग कुणीतरी म्हणतं, "तेव्हाचं आठवतंय का..." बस्स! किस्से असेच साठत गेले. आणि का कुणास ठाऊक, त्यातले निम्मे पेशीपटलाचेच! इवल्याशा पेशीभोवतीचा तो पातळ पडदा. आत काय घ्यायचं, बाहेर काय सोडायचं, हे ठरवणारा.

* * *

देशमुख सर अकोल्याचे, नोकरीमुळे इकडे आले. शिकवायला लागले की स्वतःच हरवतात. एकदा त्यांनी अंडं व्हिनेगरमध्ये ठेवून त्याचं कवच विरघळवलं. मग ते रात्रभर पाण्यात ठेवलं. आतल्या पडद्यातून पाणी शिरलं आणि अंडं टम्म फुगलं. सकाळी सरांनी ते उन्हात धरलं, तर आतून चंद्रासारखं उजळलं. अख्खा वर्ग पुढे झुकला!

तेवढ्यात प्राचार्य आले. "बघू," म्हणत त्यांनी अंडं हातात घेतलं आणि जरासं दाबलं.

पांढऱ्या शर्टावर पिवळा बलक ओघळत असताना प्राचार्य शांतपणे म्हणाले, "देशमुख, काय बाहेर सोडायचं ते पडदा ठरवतो म्हणालात ना? ठरवलं त्यानं!"

* * *

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. समोर मासवणची मानसी. हुशार पोरगी, पण बोलायला लागली की गावची भाषा येतेच.

"ग्लुकोज पेशीत कसं शिरतं?"

"एकटं नाय येत सर. आतड्याच्या पेशीत सोडियमचा हात धरून येतं."

"म्हणजे?"

मानसीनं क्षणभर छताकडे पाहिलं. "सर, आमच्याकडे मोती हाय. कुत्रा. अनोळखी मानसाला दारातच अडवतो. पन शेजारच्या काकी संगं असल्या, तर कुनालापन आत सोडतो."

परीक्षक हसले. "आणि काकी नसल्या तर?"

"तुमी येऊन बघा ना, सर!"

पूर्ण मार्क!

* * *

चुरीकाका शिरगावचे. निवृत्तीला आलेले, मितभाषी. एकदा मी तारेच्या कड्यावर साबणाचा पडदा धरून मुलांना दाखवत होते. कोरडं बोट लावलं की फट्‌कन फुटतो. ओलं बोट घातलं, तर आरपार जातं आणि पडदा तसाच. पेशीपटलही असंच लवचिक असतं, एवढंच सांगायचं होतं.

तेव्हा खिडकीतून ऊन आलं आणि पडद्यावर रंग सरकायला लागले. निळा, गुलाबी, सोनेरी. काका पुसायचं फडकं हातात घेऊन तिथेच उभे राहिले.

"फुकू नका रे कोनी!" ते कुजबुजले.

कुणीच हललं नाही. शेवटी पडदा आपला आपणच फुटला. मुलं "ओह!" करून उठायला लागली.

काका मात्र जागचे हलले नाहीत. "मॅडम," ते म्हणाले, "अजून एक करा."

* * *

आणि सायली. तिचे वडील बोईसरच्या कारखान्यात. बारावीनंतर पुढे काय, यावरून बापलेकीत कडाक्याचं भांडण झालं आणि ही पालघरला मावशीकडे राहायला आली. पालकसभेला मावशी डोळे पुसत म्हणाली होती, "बाप रोज फोन करतो, मॅडम. ही उचलतच नाय."

एका दुपारी प्रॅक्टिकलला रिओ या शोभेच्या झाडाचं पान होतं. खालची जांभळी साल काढायची, काचपट्टीवर ठेवायची, वर मिठाचं पाणी. सायलीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि दचकली.

"मॅडम, पेशी आक्रसल्या सगळ्या! मेल्या?"

"नाही गं. पाणी बाहेर गेलंय. पटल शाबूत आहे."

"परत भरतील?"

"साधं पाणी घालून बघ."

तिनं जपून थेंब सोडला. मी दुसऱ्या टेबलांकडे गेले. परत आले, तरी ती तशीच वाकलेली.

"भरतायत," ती हळूच म्हणाली.

बेल झाली. मुलं भराभर निघून गेली. सायलीनं मान वर केली.

"मीठ खूप वेळ राहिलं असतं तर?"

"मग पटल फाटतं. नंतर कितीही पाणी घाल, उपयोग नाही."

तिनं काचपट्टी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. दप्तर घेऊन बाहेर गेली. मी सूक्ष्मदर्शकांवर कव्हरं घालत होते. व्हरांड्यातून तिचा आवाज आला.

"हॅलो... बाबा?"

बराच वेळ नुसता वारा.

"नाय, काय नाय झालं. असाच केला."

मी शेवटचं कव्हर हातात धरून उभी राहिले.

"बाबा, तुमी जेवलात?"