वेबसाइटचा खर्च मी घरखर्चात लिहिला होता

मंडळी, वर्ध्याहून आर्वीला परतताना एसटीत बसूनच हे लिहिते आहे.

मी आणि सासूबाई कापसाच्या रजया शिवून विकतो. गेल्या वर्षी मी आमच्या रजयांची वेबसाइट बनवून घेतली. घरात सगळे म्हणाले, "शौक आहे तिचा." म्हणून मीही तो खर्च मुकाट्याने घरखर्चात लिहिला. यंदा ती बंदच करायची, असं ठरवलं होतं.

आज कर सल्लागार मॅडमनी माझी वही चाळली आणि विचारलं, "ताई, वेबसाइटचं बिल घरखर्चात काऊन टाकलं? ऑर्डर तिथूनच येतात ना?"

"येतात. पुण्याहूनही येतात."

"मग हा धंद्याचाच खर्च. डोमेन, होस्टिंगचे दरवर्षीचे पैसे त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतात. वेबसाइट बनवायचा मोठा खर्च कधी एकदम धरतात, कधी घसारा म्हणून दरवर्षी थोडा थोडा. ते मी बिल पाहून ठरवते."

करात फार मोठी बचत होणार नाही. पण "धंद्याचाच खर्च" हे ऐकून मला भरून आलं. बाहेर येताच मी पुढच्या वर्षाचं होस्टिंग भरलं आणि बिल धंद्याच्या नावाने घेतलं.

मग सासूबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग माह्या मशीनच्या तेलाचे पैसे बी तिथंच लिहिजो. मी काय शौक म्हणून शिवून राह्यली?"

तुमच्या घरातल्या कोणाची मेहनत अजून धंद्याच्या वहीत आलेली नाही?